नदीकाठ कोणाच्या पायांसाठी?

संगमापासून बंडगार्डनपर्यंत आणि बंडगार्डनपासून पुढे मुंढव्याच्या दिशेने मुळामुठेच्या काठाचे रूप पालटू लागले आहे. जेथे राडारोडा, गाळ आणि रानटी झुडुपे यांचेच राज्य होते तेथे आता दगडी पायऱ्या, बांधीव उतार आणि फरसबंद वाटा दिसू लागल्या आहेत. पुणे महानगरपालिकेने हाती घेतलेल्या सुमारे 44 किलोमीटर लांबीच्या आणि सुमारे 4,700 कोटी रुपये अंदाजी खर्चाच्या नदीकाठ सुधार योजनेचा हा पहिला हप्ता होय. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेचा आरंभ झाला आणि कामासाठी जे टप्पे प्रथम निवडले गेले ते येरवड्याला बिलगूनच आहेत. मुलाला अक्षर शिकविताना पाटीच्या पहिल्या ओळीत जो कित्ता घालून द्यावा त्याच वळणाने पुढची पाटी भरत जाते. येरवड्याचा काठ हा या 44 किलोमीटरांचा कित्ता आहे. म्हणूनच तो बारकाईने तपासून पाहण्याची वेळ हीच आहे; पाटी पुरी भरल्यावर तिच्यातील दोष दाखवून फारसा उपयोग होत नसतो.

आमची भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. नदीकाठ सुधारू नये असे आमचे म्हणणे नाही. गेल्या दोन-तीन पिढ्यांत पुण्याने आपल्या नद्यांकडे पाठ फिरविली. घरांची तोंडे रस्त्याकडे आणि मोऱ्या नदीकडे, अशी शहराची रचना होत गेली. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावयाचा आणि पलीकडे पोचल्यावर नदीचा विसर पडू द्यावयाचा, एवढाच बहुसंख्य पुणेकरांचा नदीशी संबंध उरला. ही स्थिती बदलावी, माणसाने पुन्हा नदीपाशी जावे, तेथे चालावे, बसावे, मुलांना पाणी दाखवावे, ही इच्छा मनात धरणाऱ्या प्रत्येकाशी आम्ही सहमत आहोत. वाद आहे तो हेतूविषयी नाही, क्रमाविषयी आणि अधिकाराविषयी आहे. कोणते काम आधी व कोणते मागाहून, आणि बांधलेला काठ शेवटी कोणाच्या पायांखाली येणार, हे दोन प्रश्न आहेत.

नदीकाठी पायी चालण्याची जागा बांधणे ही कल्पना आपल्याला कोणी परक्यांनी येऊन शिकवावी लागावी, इतका आपला प्रदेश या बाबतीत दरिद्री नाही. वाईचे घाट, नाना फडणिसांच्या मेणवलीचा घाट, नाशिकचा गोदाकाठ, अहिल्याबाईंचे महेश्वर, आणि प्रत्यक्ष पुण्यात मुठेच्या काठचा ओंकारेश्वर ही आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणे आहेत. घाटाचे मर्म असे की, तो नदीला अडवीत नाही. पाणी चढले की पायऱ्या बुडतात, उतरले की पुन्हा उघड्या पडतात, आणि वर्षानुवर्षे हा खेळ चालूनही दगड जाग्यावर राहतो. घाटावर धुणे धुणारी बाई, संध्येला बसलेला ब्राह्मण, पोहायला आलेली पोरे आणि जनावराला पाणी पाजणारा गडी एकाच वेळी दिसत, असे आपण अभिमानाने सांगतो. ते सर्वस्वी खरे नव्हते. कोणती पायरी कोणासाठी हे जातीने ठरविलेले असे. घाटाची रचना आपण उचलावी, ही उतरंड उचलू नये, एवढे भान या परंपरेचे नाव घेताना असावयास हवे.

येरवड्याचा काठ तर लोकोपयोगी बांधकामाच्या दृष्टीने ऐतिहासिकच म्हटला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून येथे बंधारा उभा राहिला, तो लोकांना पाणी मिळावे म्हणून. त्या बंधाऱ्यावरूनच पलीकडच्या बागेला बंडगार्डन हे नाव मिळाले. 1860 च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला, टोकांना सिंहांचे पुतळे असलेला फिट्झगेराल्ड पूल आजही उभा आहे. शेजारी नवा पूल झाल्यावर तो वाहनांना बंद झाला आणि आता त्यावरून केवळ माणसे चालतात. जुन्या पुलाला पाडून न टाकता पादचाऱ्यांच्या स्वाधीन करणे हे काम थोड्या खर्चाचे, परंतु मोठ्या शहाणपणाचे होते. नव्या योजनेला दिशा हवीच असेल तर ती या जुन्या पुलावर उभे राहिल्यास सापडण्याजोगी आहे.

याउलट नदीकाठच्या रस्त्यांचा पुण्याचा दुसरा अनुभव फारसा भूषणावह नाही. डेक्कनच्या बाजूला मुठेच्या पात्रात रस्ता झाला, वाहनतळ झाले. आणि दर पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सुटले की भिडे पूल बुडतो, पात्रातला रस्ता बंद होतो, व विसरून ठेवलेल्या मोटारी दोरखंडांनी ओढून काढाव्या लागतात. नदीची जागा माणसाने घेतली असे आपण म्हणतो, पण वस्तुतः ती माणसाच्या वाहनाने घेतली. 11 डिसेंबर हा दिवस महापालिका 2021 पासून पादचारी दिन म्हणून पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा करते. वर्षातला एक दिवस ज्याला उत्सव म्हणून साजरा करावा लागतो तो हक्क उरलेले 364 दिवस कोठे असतो, हे शहरातल्या पदपथांवरून एकदा फेरफटका मारला म्हणजे कळते. अशा शहरात नदीकाठी कित्येक किलोमीटरांची अखंड पायवाट होत असेल तर तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ते मोल खरे ठरावे एवढ्यासाठीच या वाटेला आम्ही तीन कसोट्या लावू इच्छितो.

पहिली कसोटी पाण्याची. नदीकाठ सुंदर करावयाचा तर काठापाशी नदी असली पाहिजे. आज बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे जे साठलेले असते त्यात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नदीचे पाणी किती आणि शहराचे मैलापाणी किती, हे सांगण्यास रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. नाक पुरेसे आहे. जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहून ज्यांना आनंद होतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, हा गालिचा घाणीवरच पोसला जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंढवा, केशवनगर आणि खराडी या भागांत नदीवर कीटकांचे उंच खांबच्या खांब उठलेले साऱ्या देशाने चित्रांत पाहिले. ते ठिकाण येरवड्यापासून फार दूर नाही. अशा नदीच्या कडेला कितीही सुबक बाक मांडले तरी त्यांवर बसणार कोण?

मैलापाण्याच्या शुद्धीकरणाचे काम महापालिकेच्या यादीत नाही असे नाही. जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या कर्जसाहाय्याने 11 शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची योजना मंजूर झाली आणि 2016 च्या आरंभी करारही झाला. दररोज 39 कोटी 60 लाख लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची त्या केंद्रांची नियोजित शक्ती आहे. परंतु ठरल्या मुदतीत ती पूर्ण झाली नाहीत. निविदांचे, जागांचे आणि मंजुऱ्यांचे घोळ वर्षानुवर्षे चालले. काठाच्या फरशीचे काम मात्र जोराने सुरू झाले. हे का होते याचे उत्तर फार गूढ नाही. शुद्धीकरण केंद्र जमिनीआड, भिंतीआड असते, त्याच्यापुढे उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही. पायऱ्या आणि दिवे डोळ्यांना दिसतात. पण घरात केर तसाच ठेवून उंबऱ्यावर रांगोळी काढणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणतो?

या संदर्भात लंडनचे उदाहरण आमच्या नगररचनाकारांनी आठवावे. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटात बसणे अशक्य झाले, तेव्हा कोठे त्या राष्ट्राला जाग आली. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने शहराचे मैलापाणी नदीत पडण्यापूर्वीच अडवून नेणाऱ्या प्रचंड भुयारी गटारांचे जाळे बांधले. आणि 1870 मध्ये खुला झालेला जो प्रसिद्ध व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, ज्याच्या झाडांखालून फिरताना आपल्याकडील प्रवाशांची मती गुंग होते, त्याच्या पोटात त्यांतलेच एक गटार आहे. त्या भिंतीने थेम्सचे पात्र अरुंद केले, आणि अडविलेली घाण शुद्ध न करता शहराखाली सोडून दिली, हे त्या कामाचे दोष होते. ते आपण घेऊ नयेत. पण तेथे फिरण्याची वाट ही गटाराच्या कामाचे झाकण म्हणून झाली, गटाराच्या कामाऐवजी झाली नाही, हा धडा दीडशे वर्षांनंतरही ताजा आहे.

आणि घाण शहराखाली सोडून देण्याचा जो दोष आम्ही लंडनच्या नावे मांडला तो पुण्याच्या नावे आधीच जमा आहे. येरवड्यावरून वाहणारे पाणी थेऊरच्या चिंतामणीच्या गावाजवळून पुढे भीमेला मिळते, उजनीच्या जलाशयात साठते, सोलापूरसारख्या शहरांच्या नळांना जाते, आणि त्याच भीमेच्या पाण्यात पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वारकरी स्नान करतो. ज्या वारकऱ्याच्या पालखीचे पुणे दर वर्षी रस्ते धुऊन स्वागत करते, त्याच्या तीर्थात वर्षभर काय धाडते, याचा विचार कोणत्याही सौंदर्ययोजनेत अगोदर यावयास हवा. पुण्याचा नदीकाठ हा केवळ पुणेकरांचा घरगुती प्रश्न नाही.

दुसरी कसोटी पुराची. येरवड्याचे भौगोलिक स्थान नीट समजून घेतले पाहिजे. मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे. मुळेच्या खोऱ्यात मुळशी, आणि तिला येऊन मिळणाऱ्या पवनेवर पवना धरण. संगमावर मुळा आणि मुठा एक होतात, म्हणजे या सर्व खोऱ्यांचे आणि त्यांच्या मधल्या शहरी ओढ्यानाल्यांचे पाणी एकत्र होऊन प्रथम ज्या वस्तीच्या दारात उभे राहते ती येरवड्याची. डेक्कनवर एका नदीचा पूर येतो. येरवड्याला दोन नद्यांचा येतो.

पूररेषा हा शब्द हल्ली वृत्तपत्रांत वारंवार येतो, पण त्याचा अर्थ थोड्यांनाच ठाऊक असतो. सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचेल ती निळी रेषा, आणि 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचेल ती लाल रेषा. मुठेसाठी निळी रेषा 60,000 घनफूट प्रतिसेकंद आणि लाल रेषा 1,00,000 घनफूट प्रतिसेकंद प्रवाह गृहीत धरून आखलेली आहे. आता 25 जुलै 2024 चा दिवस आठवा. त्या दिवशी पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी सुमारे 35,000 घनफूट प्रतिसेकंद होते, म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्याहून कितीतरी कमी. तरीही सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोकांची घरे बुडाली आणि माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. याचा सरळ अर्थ असा की, कागदावरील नदी आणि जमिनीवरील नदी या दोन निराळ्या नद्या झाल्या आहेत. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस आणि भरावांनी आवळलेले पात्र यांचा हिशेब कागदात उतरलेला नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने वीसांहून अधिक माणसांचा बळी घेतला तेव्हा कोणतेही धरण फुटलेले नव्हते. ओढ्याची जागा ओढ्याला उरलेली नव्हती, एवढेच झाले होते. आणि 12 जुलै 1961 चा पानशेतचा प्रलय तर पुण्याच्या स्मृतीतून कधी पुसला जाणार नाही.

महापालिकेचे म्हणणे असे की, पात्रातील अडथळे दूर केल्याने पुराची पातळी उलट खाली येईल. असे होत असेल तर आनंदच आहे. परंतु काठ बांधून काढणे, भराव घालणे आणि त्याच वेळी पाण्याला अधिक वाव देणे या गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे सामान्य नागरिकाला पटेल अशा भाषेत आणि तज्ज्ञाला तपासता येईल अशा आकड्यांत मांडले गेले पाहिजे. खडकवासल्याला 1916 पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. साऱ्या देशाच्या नद्यांचे नमुने तेथे मांडून तपासले जातात. पुण्याच्या उशाशी असे ज्ञानपीठ असताना पुण्याच्या नदीचा पुराचा हिशेब लोकांच्या शंकेचा विषय राहावा, हे शोभत नाही.

या योजनेची प्रेरणा अहमदाबादची आहे, हे उघड आहे. आराखडाही साबरमतीचा काठ आखणाऱ्याच संस्थेने केला आहे. साबरमतीचे काम पाहणाऱ्यांना ते आवडते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथे काठाशी जे पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्याचे आहे, आणि तेथील पात्र दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये एकसारख्या रुंदीचे केलेले आहे. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावून थोड्याच अंतरात शहरात शिरणाऱ्या, वळणावळणाच्या, खडकाळ, ओढ्यानाल्यांनी भरलेल्या आमच्या नद्यांना तो अंगरखा बसेलच असे नाही. याउलट जर्मनीतील म्युनिक शहराने 2000 ते 2011 या काळात इझार नदीच्या सुमारे आठ किलोमीटर पात्रावर निराळाच प्रयोग केला. जुने बांधीव काठ काढून टाकले, पात्र रुंद केले, वाळूगोट्यांचे उतार पुन्हा तयार केले. पुराला जागा मिळाली आणि लोकांना पाण्यात पाय सोडून बसण्याची सोय झाली. म्हणजे माणसाची जागा वाढविण्यासाठी नदीची जागा कमी करावीच लागते असे नाही.

झाडांविषयीही येथेच बोलले पाहिजे. काठावरची उंबर, करंज, जांभूळ आणि वाळुंज यांची झाडे व पाण्यालगतचे लव्हाळे हा नदीचा निरुपयोगी केसभार नव्हे. मुळे माती धरून ठेवतात, गाळ गाळतात, पुराचा वेग मोडतात. येरवडा-कल्याणीनगरच्या काठी डॉ. सालीम अली यांच्या नावाने ओळखली जाणारी वनराई पक्ष्यांनी अद्याप सोडलेली नाही. या योजनेत हजारो झाडांवर कुऱ्हाड येणार असे कळल्यावर एप्रिल 2023 मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, यात आम्हांस कसलाही उच्छृंखलपणा दिसला नाही. पन्नास वर्षांचे झाड तोडून त्याच्या जागी शोभेची रोपे लावावयाची आणि चालणाऱ्याला मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या फरशीवर सोडावयाचे, याला पादचाऱ्याची सोय म्हणता येत नाही. पुण्याच्या हवेत पायवाटेची पहिली गरज सावली ही आहे. फरशी तिच्यामागून येते.

तिसरी कसोटी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी, ती पायांची. बांधलेल्या वाटेवर कोण चालणार? येरवड्याच्या काठाला एका बाजूला कल्याणीनगरची आणि पलीकडे कोरेगाव पार्कची श्रीमंत वसाहत आहे, आणि त्यांच्याच शेजारी दाटीवाटीच्या वस्त्या आहेत. नागपूर चाळ, लक्ष्मीनगर, यशवंतनगर, वडारवस्ती या नावांनी आपण त्या ओळखतो. ज्याच्या घरात अंगण आहे त्याला नदीकाठ ही चैन आहे. ज्याचे घर एका खोलीचे आहे त्याला ती गरज आहे. तेव्हा वस्तीतील म्हातारीला घरापासून काठापर्यंत पायी पोचता येते काय, हा प्रश्न वास्तुशिल्पाच्या कोणत्याही प्रश्नाहून अगोदरचा आहे. पर्णकुटी चौकातून किंवा गुंजन चौकातून रस्ता ओलांडून पाहिलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये येरवड्याचे मेट्रो स्थानक सुरू झाले. त्या स्थानकातून उतरून काठावर जाणाऱ्यालाही हाच वाहनांचा लोंढा ओलांडावा लागतो. काठावर पाच मीटर रुंद वाट आणि तेथवर पोचण्यासाठी तुटका, दुचाकींनी व्यापलेला पदपथ, अशी स्थिती राहिली तर लोक त्या वाटेवर चालण्यासाठी मोटारीत बसून येतील, आणि आपण पादचाऱ्यांसाठी म्हणून बांधलेल्या जागेपुढे आणखी एक वाहनतळ बांधू.

वाटेवर पोचल्यावरही अनेक गोष्टी राहतात. बसावयास जागा, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे, अपंगांसाठी आणि बाळगाड्यांसाठी सौम्य उतार, संध्याकाळनंतर पुरेसा उजेड. या साध्या गोष्टी आराखड्यांत शेवटच्या पानावर असतात आणि खर्चात काटछाट होताना प्रथम गळतात. प्रवेशाला तिकीट, दाराला कुलूप आणि भेळेच्या गाडीला बंदी ही तीन पावले टाकली की सार्वजनिक जागा पाहता पाहता खासगी होते. असे होणार नाही, आणि त्या वाटेवर दुचाकीसुद्धा कधी शिरणार नाही, याची लेखी हमी लोकांना हवी.

याहूनही गंभीर प्रश्न विस्थापनाचा आहे. काठ सुधारला की जमिनीचा भाव चढतो, आणि भाव चढला की गरिबाचे घर अडथळा ठरू लागते. साबरमतीच्या काठावरील दहा हजारांहून अधिक कुटुंबांना तेथून हलवावे लागले आणि त्यांतील अनेकांना कामधंद्यापासून दूरच्या वसाहतींत जावे लागले. येरवड्याने मात्र याहून चांगला मार्ग स्वतःच दाखविला आहे. नागरी पुनरुत्थान योजनेखाली 2009 नंतर येथील काही वस्त्यांत झोपड्यांच्या जागीच सुमारे 270 चौरस फुटांची पक्की घरे बांधली गेली. वस्तीच्या गल्ल्या शक्य तेथे तशाच ठेवल्या, वस्तीतील स्त्रियांना घराचा आराखडा विचारला, आणि रहिवाशांनी खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा स्वतः उचलला. शेजार मोडला नाही, मुलांची शाळा सुटली नाही, घरकामाची घरे तुटली नाहीत. जी वस्त्या सुधारण्याची रीत येरवड्याने घालून दिली ती काठ सुधारताना विसरली जाऊ नये. पुराच्या धोक्यामुळे ज्यांना काठावरून हलविणे खरोखर अपरिहार्य असेल त्यांना येरवड्यातच, पायी अंतरावर घर मिळाले पाहिजे.

सार्वजनिक पाण्यापर्यंत कोणी जावे, हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच केवळ अभियांत्रिकीचा नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर चालत गेले ते तहान भागविण्यासाठी नव्हे. सार्वजनिक म्हटलेली जागा खरोखर सार्वजनिक असली पाहिजे हे सिद्ध करण्यासाठी गेले. पाच वर्षांनी, 24 सप्टेंबर 1932 रोजी, याच येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना पुणे करार झाला. ज्या भूमीला हा इतिहास आहे तेथे पैशाची नवी उतरंड फरसबंद करून बसविली जाऊ नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणतील, टीका करणाऱ्यांना प्रत्येक कामात खोट दिसते. अशाने शहर पुढे कसे जाईल? यास उत्तर एवढेच की, शहर पुढे जावे म्हणूनच पाय घसरण्याची जागा दाखवावी लागते. कोणी म्हणतील, शुद्धीकरण आणि सुशोभन ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. चालू शकतात हे खरे. पण गेल्या दहा वर्षांत ती एकाच वेगाने चाललेली नाहीत. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. लोक नदीपाशी गेले, तिची स्थिती त्यांनी जवळून पाहिली, की तेच तिच्या स्वच्छतेसाठी आग्रह धरतील. न पाहिलेल्या नदीसाठी कोण भांडणार? या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे आणि म्हणूनच आम्ही काम बंद करा असे म्हणत नाही. जो काठ झाला आहे तो झाडून, सावली देऊन लवकर लोकांना खुला करा. लोकांना नदी दाखवा. परंतु त्याच कारणासाठी पुढचा काठ बांधण्याची घाई करू नका. पाहणाऱ्याने मत द्यावे आणि त्या मताने पुढचा आराखडा बदलावा, एवढी उसंत मध्ये असलीच पाहिजे.

मत देण्याचा हा मुद्दा आम्ही सहज म्हणून काढलेला नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही. शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. शहराच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या कामाची महत्त्वाची वर्षे लोकनियुक्त सभागृहावाचून गेली. नागरिकांना न्यायासनापुढे आणि रस्त्यावर जाऊन बोलावे लागले, याचे एक कारण हेही आहे. बोलण्याचे घर बंद असले की माणूस अंगणात येऊन बोलतो.

तेव्हा येरवड्याचा कित्ता सुबक व्हावा म्हणून आमच्या मागण्या थोडक्या आहेत. ज्या घाटापाशी लोकांना बोलावले जाणार तेथील पाण्याची तपासणी दर महिन्याला होऊन तिचे आकडे त्याच घाटावर मराठीत फलकावर लिहिले जावेत. पाणी हात घालण्यायोग्य नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. वरच्या भागातील ज्या नाल्यांतून मैलापाणी नदीत पडते ते अडविल्यावाचून पुढील टप्प्याच्या फरशीवर एक रुपयाही खर्च होऊ नये. मोकळ्या पाणलोटाचा पाऊस धरून केलेला पुराचा हिशेब लोकांपुढे व तज्ज्ञांपुढे ठेवावा आणि त्यात न बसणारा भराव, मग तो बांधून झालेला असला तरी, काढावा. उभे झाड आराखड्याला आड आले तर आराखडा वळवावा. आणि काठापासून पंधरा मिनिटांच्या चालण्याच्या टापूतील सर्व पदपथ, रस्ता ओलांडण्याच्या जागा आणि वस्त्यांच्या तोंडच्या गल्ल्या यांची दुरुस्ती हा नदीकाठ योजनेचाच भाग मानून आधी करावी.

यांतली एकही मागणी अशक्य नाही, आणि कोणत्याही मागणीला परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. लागेल तो थोडा धीर, आणि न दिसणारे काम आधी करण्याची तयारी. महापालिकेपाशी हे दोन्ही आहेत की नाहीत, याचा निकाल उद्घाटनाच्या दिवशी लागणार नाही. तो लागेल एखाद्या वैशाखाच्या संध्याकाळी, जेव्हा वडारवस्तीतले कुटुंब जेवणखाण आटोपून, कोणाला न विचारता, रस्ता निर्धास्त ओलांडून नदीवर येईल आणि नाकाला पदर न लावता पायरीवर बसेल. तो लागेल एखाद्या श्रावणाच्या रात्री, जेव्हा त्याच पायऱ्यांवरून पाणी चढेल आणि त्या कुटुंबाच्या उंबऱ्याशी न येता उतरून जाईल. तोवर बांधलेला प्रत्येक मीटर हा पुरा झालेला नाही असेच पुणेकरांनी मानावे, आणि हिशेब मागत राहावा.